उजेड आत, ऊन बाहेर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मंडळी, गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरात एक वाद सुरू झाला आणि पावसाळा लागेपर्यंत तो मिटला नाही. वाद इस्टेटीचा नव्हता, सोयरिकीचाही नव्हता. खिडकीचा होता. येवल्यातल्या आमच्या गल्लीत जिथे आजोबांचे धाब्याचे घर होते, तिथे मुलाने दोन मजली पक्के घर बांधले. रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेच्या भिंतीत, सहा फूट रुंद आणि पाच फूट उंच अशी सरकत्या काचांची खिडकी ठेवली. राहायला आलो त्या दिवशी पाहुण्यांनी घरापेक्षा खिडकीचेच कौतुक जास्त केले. पुढे एप्रिल लागला आणि दुपारी तीननंतर त्या खोलीत बसणे अशक्य झाले.

सूनबाई म्हणाली, "अब्बा, जाड पडदे लावू या. दुकानात एकाहून एक नमुने आलेत."

मी म्हणालो, "पडदा नको. लाकडी झडपा लावू."

आमचे सुतारमिस्त्री हसले. म्हणाले, "चाचा, झडपा आता कोण करून घेतं? सागवानाचा भाव तरी विचारलात का?"

माझी आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. ती त्याच खोलीत खाटेवर बसून हे सगळे ऐकत होती. तेव्हा ती काही बोलली नाही. ती बोलली ते पुढे सांगतो, कारण त्यानेच माझा हट्ट सुटला.

मी कवितेचा माणूस. वादात उतरण्याआधी शब्द उलटून पाहायची खोड आहे. खिडकीभोवतीचे आपले शब्द पाहा. 'कवाड' आले संस्कृत 'कपाटा'वरून. 'गवाक्ष' म्हणजे गाईचा डोळा. काचेला आपण 'तावदान' म्हणतो, तो फारसी 'ताबदान'. ताब म्हणजे तेज आणि दान म्हणजे ठेवण्याचे पात्र, जसे कलमदान. 'पडदा' फारसीच. कोणी कोणाला न विचारता हे शब्द एका चौकटीत येऊन बसले आणि आज मराठीच झाले. भिंतीला भोक पाडणे सोपे असते. त्या भोकातून काय आत घ्यायचे आणि काय अडवायचे, हा प्रश्न मात्र प्रत्येक काळातल्या माणसाला नव्याने सोडवावा लागला.

आपल्याच जिल्ह्यात त्याचा जुना दाखला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत अठरा क्रमांकाचे चैत्यगृह आहे. दर्शनी भागात दारावर मोठी कमान आहे आणि त्या कमानीच्या पोटात लाकडी सांगाड्याची नक्कल दगडात कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने सुताराचे काम दगडात उतरवले, म्हणजे सुताराचे काम त्याच्याही आधीचे. उन्हाची झळ उघड्या डोळ्यांवर येऊ द्यायची नाही, त्याला आधी लाकडातून गाळून घ्यायचे, ही युक्ती इथल्या माणसाला तेव्हापासून ठाऊक आहे.

पेशवाईतल्या वाड्यांकडे पाहा. रस्त्याच्या बाजूची भिंत जाड आणि जवळजवळ आंधळी. तळमजल्यावर खिडकी असलीच तर लहान आणि उंचावर. घराचा सारा उजेड मधल्या चौकातून. येवल्यापासून जवळ चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. तिथले लाकडी खांब, कमानी आणि चौक पाहिले की हे ध्यानात येते. त्या काळात लुटालुटीची भीती होती, हे एक कारण. दुसरे कारण ऊन. दख्खनच्या कोरड्या उन्हाळ्यात जाड भिंत आणि लहान खिडकी हीच घराची छत्री होती.

गरिबाच्या घराला चौक कुठला? आमच्याकडे मातीचे धाबे आणि धाब्यात उजेडासाठी ठेवलेले साणे. पाऊस आला की त्यावर पालथे घमेले. पण येवल्याच्या गरिबाची एक अडचण इतर गावांपेक्षा वेगळी होती. इथे साळी, कोष्टी, खत्री, मोमीन अशा सगळ्यांच्या घरात माग. आणि मागाला उजेड लागतो.

पैठणी विणताना पाहिली असेल तर लक्षात येईल. पदरावरचा मोर किंवा काठातली नारळी यंत्राने उमटत नाही. विणकर एकेक धागा मोजतो आणि प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली हाताने ताण्यातून फिरवतो. हिरव्यातला पोपटी कोणता आणि मोरपंखी कोणता, हे उजेडच सांगतो. म्हणून माग खिडकीशी. पण ऊन थेट रेशमावर पडले तर रंग उडतो. मे महिन्याचा कोरडा वारा लागला तर धागा तुटतो. थोडक्यात, विणकराला उजेड हवा, ऊन नको. हवा हवी, वारा नको. जगातल्या कुठल्याही खिडकीपुढे यापेक्षा अवघड अट कोणी ठेवली नसेल.

जुन्या सुतारांनी ती अट पुरी केली ती चार झडपांच्या खिडकीने. दोन झडपा खाली, दोन वर, मध्ये लाकडाचे किंवा लोखंडाचे उभे गज. खालच्या झडपा लावून घ्यायच्या, वरच्या उघड्या ठेवायच्या. रस्त्यावरच्या माणसाला आतले काही दिसत नाही आणि वरून आलेला उजेड खोलीच्या आतपर्यंत पोचतो. सकाळी एक झडप उघडी, दुपारी दुसरी. घरातल्या बाईला घड्याळाची गरज नसे. कोणती झडप कधी लावायची यावरून वेळ कळायची.

मग खिडकी इतकी मोठी आणि काचेची झाली कधी? त्याची गोष्ट थोडी लांबून सुरू होते. इंग्लंडमध्ये 1696 पासून घराच्या खिडक्या मोजून कर घेत. कर चुकवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या. त्या बुजवलेल्या चौकटी तिथल्या जुन्या घरांवर आजही दिसतात. 1845 मध्ये काचेवरचे शुल्क गेले आणि 1851 मध्ये खिडक्यांवरचा करही गेला. त्याच 1851 साली लंडनमध्ये सुमारे तीन लाख काचांचा क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. काच स्वस्त झाली आणि मोठी खिडकी हे सुधारलेल्या घराचे लक्षण ठरले. थंड देशात ते योग्यच होते. तिथे ऊन हे पाहुण्यासारखे येते.

आपल्याकडे 1878 मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि येवला त्या मार्गावर आले. आगगाडीने काय काय आणले, त्यात पेटीत गवत घालून आलेली तावदानेही होती. पुढे 1908 मध्ये लोकांनी दिलेल्या एकेका पैशातून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. तिथे काचेच्या वस्तू होऊ लागल्या, तरी खिडकीची काच बराच काळ परदेशातूनच येत राहिली. काच महाग होती तोवर वाड्याच्या झडपेत वरच्या बाजूला चार बोटांची एखादी रंगीत काच बसवायची, एवढीच चैन.

मोठ्या खिडकीला खरे बळ दिले ते प्लेगने. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दुसऱ्या वर्षी पुण्यात. उजेड आणि हवा नसलेल्या खोल्यांत माणसे किड्यामुंग्यांसारखी गेली. 1898 मध्ये मुंबईत सुधारणा न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. खोलीत उजेड पोचावा म्हणून त्याने साडेत्रेसष्ट अंशांचा नियम धरला. सोप्या शब्दांत सांगायचे तर समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त असू नये. खिडकी ही शोभेची नाही, जगण्याची गोष्ट आहे, हे सरकारी कागदावर आले ते असे. या नियमामागे कितीतरी मृत्यू आहेत. म्हणून मोठ्या खिडकीला मी नावे ठेवत नाही.

पण त्या काळच्या मुंबईतल्या मोठ्या खिडक्या नुसत्या काचेच्या नव्हत्या. बाहेरून लाकडी झडपा असत, तिरप्या पट्ट्यांच्या. पट्ट्यांमधून वारा यायचा, उजेड गाळून यायचा आणि पावसाचे पाणी बाहेरच्या बाहेर ओघळायचे. कोणी त्यांना झिलमिल्या म्हणत. या झडपेच्या नावांची मोठी गंमत आहे. तिरप्या पट्ट्यांच्या पडद्याला इंग्रज 'व्हेनेशियन' म्हणतो, म्हणजे व्हेनिसचा. आणि तशा झडपेला इटलीतला माणूस 'पर्सियाना' म्हणतो, म्हणजे इराणची. जो तो शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. फ्रेंचांनी तिला आणखी एक नाव दिले, 'जालुझी'. त्याचा अर्थ मत्सर, संशय. बायकोला रस्ता दिसावा पण रस्त्याला बायको दिसू नये, असे वाटणाऱ्या संशयी नवऱ्याची ही खिडकी. पडद्याची पद्धत म्हटले की लोक आमच्याच गल्लीकडे पाहतात. पॅरिसच्या सुतारानेही तेच मनात ठेवून लाकूड तासले होते, एवढेच सांगायचे.

कैरोच्या घरांत लाकडी जाळीचे सज्जे असतात, त्यांना 'मशरबिया' म्हणतात. हा शब्द पिण्याच्या धातूवरून आला असे मानतात, कारण त्या जाळीत पाण्याचे मडके ठेवत. वारा जाळीतून येताना मडक्याला लागून गार होई. आपल्या गोव्यात काचेऐवजी शिंपल्या वापरल्या. चिखलीच्या खाडीत मिळणाऱ्या चपट्या शिंपल्या तासून लाकडी चौकटीत बसवायच्या. त्यातून येणारा उजेड दुधासारखा पांढरा, मऊ. डोळ्यांना टोचत नाही आणि बाहेरून आतले दिसतही नाही.

पडद्यानेही आपल्या परीने झडपेचे काम केले आहे. 'ऐन-ए-अकबरी'त अबुल फझलने खसच्या ताट्यांचे वर्णन केले आहे. बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या भरायच्या आणि त्यावर पाणी शिंपडायचे. भर उन्हाळ्यात आत थंडी. आपल्याकडे कचेऱ्यांच्या दारांवर वाळ्याचे पडदे असत आणि त्यांवर पाणी मारायला माणूस ठेवलेला असे. पण नीट पाहा. तो पडदा खिडकीच्या बाहेरच्या अंगाला टांगलेला असायचा.

सगळी गोम या बाहेर आणि आतमध्ये आहे. ऊन काचेतून एकदा आत आले की ते पडद्यावर पडते, पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच राहते. पाहुणा उंबरा ओलांडून आत आल्यावर त्याला 'या नको' म्हणून काय उपयोग? झडप त्याला दाराबाहेरच थांबवते. ती स्वतः तापते, पण बाहेर तापते. भारत सरकारने 2018 मध्ये 'इको निवास संहिता' आणली. घराच्या भिंती आणि खिडक्यांमधून किती उष्णता आत यावी याची मर्यादा तिच्यात आहे. ती गाठायला खिडकीला बाहेरून मिळणारी सावली मोठी मदत करते. आजोबांच्या सुताराने हे वाचले नव्हते. त्याचा हात पोळला होता.

येवला वीस अंश अक्षांशावर आहे. मेच्या वीस तारखेच्या आसपास आणि पुन्हा जुलैच्या तिसऱ्या आठवड्यानंतर भर दुपारी सूर्य इथे अगदी डोक्यावर येतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो तेव्हा त्याच खिडकीतून कोवळे ऊन आत येते आणि ते हवेसेच असते. उत्तरेचा उजेड सर्वांत शांत, मागाला सर्वांत चांगला. खरा वैरी पश्चिमेचा. तिन्हीसांजेच्या आधी सूर्य खाली उतरतो आणि छज्ज्याच्या खालून सरळ आत घुसतो. त्याला बाहेरच्या झडपेशिवाय उपाय नाही.

एवढी सगळी तयारी करून मी एका संध्याकाळी घरच्यांपुढे भाषणच दिले. सूनबाईने शांतपणे ऐकले. मग म्हणाली, "अब्बा, ऊन चार तास असतं. रस्ता चोवीस तास असतो. रात्री दिवा लावल्यावर काच आरशासारखी उलटी होते. आतलं सगळं बाहेर दिसतं. तेव्हा काय झडपा लावून घुसमटत बसायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आणि तेव्हा आई बोलली.

पण त्याआधी मला एक कबुली द्यायला हवी. विशीत असताना मी एक कविता लिहिली होती, आमच्या जुन्या घराच्या दारावरच्या गोणपाटाच्या पडद्यावर. वडील मागावर बसत, खिडकीच्या उजेडात. आई आतल्या दाराशी पडद्याआड बसून रहाटावर कांड्या भरी. तिच्या वाट्याला तो तागाच्या भोकांतून आलेला उजेड. मी त्या पडद्याला कवितेत तुरुंग म्हटले. गावातल्या एका मुशायऱ्यात वाचली, टाळ्या मिळाल्या. आई शिकलेली नाही, पण कविता तिच्या कानावर गेली होती. चाळीस वर्षे ती त्यावर एक शब्द बोलली नाही.

त्या संध्याकाळी म्हणाली, "तू गोणपाटावर लिहिलंस. खिळ्यांवर का नाही लिहिलंस?"

मला कळेना. मग तिने सांगितले. ती लग्न होऊन आली तेव्हा रस्त्याच्या खिडकीच्या खालच्या झडपा उघडायच्या. ती तिथे बसायची, समोरच्या साळ्यांच्या घरातल्या बाईशी बोलायची. कोणीतरी आजोबांना काही बोलले. आजोबांनी खालच्या दोन्ही झडपांना खिळे ठोकले. वडिलांना वरून उजेड होता, त्यांचे काही अडले नाही. तिचे अडले. मग दारही लावून घ्या, असे ठरत होते. तेव्हा तिने बाजारातून साखरेचे रिकामे पोते आणले, उसवले, धुतले आणि दाराला टांगले.

"पडदा होता म्हणून दार उघडं राहिलं," आई म्हणाली. "वारा यायचा. गल्लीतलं बोलणं ऐकू यायचं. तुम्ही पोरं बाहेर खेळताना दिसायचात. कोंडलं ते लाकडानं, कापडानं नाही."

मी चाळीस वर्षे चुकीच्या वस्तूवर राग धरला होता. माझ्या कवितेत तुरुंग होता खरा, पण गज मी दुसऱ्याच ठिकाणी दाखवले होते. कुराणातल्या सूरह नूरमध्ये स्त्रियांना सांगण्याआधी पुरुषांना सांगितले आहे की नजर खाली ठेवा. म्हणजे पहिला पडदा रस्त्याने जाणाऱ्याच्या पापणीचा. तो पडला नाही की घरातल्या लाकडाला खिळे बसतात. आजोबा वाईट नव्हते. गल्लीचे डोळे झाकता येईनात म्हणून त्यांनी घराचे डोळे झाकले. पण किंमत ज्यांनी दिली त्यांच्या डोळ्यांत शेवटी मोतीबिंदू उतरला आणि मी टाळ्या घेऊन आलो.

इतिहास मी एवढा चाळला तो झडप जिंकवण्यासाठी, आणि आईने तो दोन वाक्यांत सरळ केला. झडप उन्हासाठी आहे. पडदा नजरेसाठी आहे. नजर अडवायला झडप वापरली की घरात अंधार होतो. ऊन अडवायला पडदा वापरला की घराची भट्टी होते. जुन्या घरांत दोन्ही होते, कारण त्यांची कामे दोन होती. आपण काच स्वस्त झाल्यावर झडप काढून टाकली आणि दोघांचे ओझे एका कापडावर घातले. काचेचे दिवस आता जाणार नाहीत. 1990 च्या दशकात तळोज्याला फ्लोट काच होऊ लागली आणि खिडकीएवढी काच ही साधी गोष्ट झाली. पण काच आली म्हणून सूर्य काही थंड झालेला नाही.

शेवटी आम्ही काय केले ते सांगतो. येवल्यात आणि आसपास जुने वाडे उतरवले जातात तेव्हा त्यांचे सागवान वखारीत येते. मिस्त्रींबरोबर तिथे दोन दिवस घालवले. बिजागऱ्या गंजलेल्या, पण लाकूड खणखणीत अशा झडपा मिळाल्या. नव्या सागवानापेक्षा पुष्कळ स्वस्त पडल्या. मिस्त्रींनी त्या तासून, तिरप्या पट्ट्या घालून, पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून बसवल्या. चार भागांत, खाली दोन, वर दोन. आत सूनबाईने पडदा लावला, तिच्या आवडीचा, पातळ सुती, फिकट पिवळा. उत्तरेच्या खिडकीला नुसता पडदा. दक्षिणेला छज्जा आहे, तिथे काहीच नाही.

आता रोज दोनच्या सुमारास सूनबाई खालच्या झडपा लावते. मग वरच्या. पाचनंतर, ऊन पलीकडच्या माडीआड गेले की सगळ्या उघडते. दिवेलागणीला पडदा ओढते. हे तिला कोणी शिकवले नाही. घरातला कोणीही तिला लाव किंवा उघड म्हणत नाही.

झडपा बसवायच्या दिवशी मिस्त्रींनी विचारले, कड्या कुठल्या बाजूने लावू? मी आईकडे पाहिले. ती खाटेवरून उठली, काठी टेकत खिडकीपाशी गेली आणि लाकडावरून हात फिरवला. बहुधा जुन्या खिळ्यांची भोके चाचपत असावी. या झडपा दुसऱ्या कोणाच्या घरच्या होत्या, तरी तशी दोनतीन भोके त्यांच्यातही होती.

"आतून," ती म्हणाली. "आणि माझा हात पोचेल एवढ्या उंचीवर."